नवीन फॅमिली क्रॉसओव्हर बघायला जाताय? आधी मागच्या सीटवर बसा

टोयोटाने मे २०२५ मध्ये रॅव्ह४ या आपल्या फॅमिली क्रॉसओव्हरची सहावी पिढी दाखवली आणि तेव्हापासून गाड्यांबद्दल विचारणाऱ्यांचे प्रश्न एकदम बदललेत. जगात सगळ्यात जास्त खपणाऱ्या गाड्यांमधली ही एक, आणि अमेरिकेसारख्या मोठ्या बाजारात कंपनीने तिचं निव्वळ पेट्रोलवालं मॉडेल ठेवलंच नाही, हायब्रिड (पेट्रोल इंजिनाला विजेच्या मोटरची जोड) घ्या नाहीतर प्लग-इन हायब्रिड (तीच, पण बाहेरून चार्ज करता येणारी) घ्या. म्हणजे ज्यांना गाडीतलं फारसं कळत नाही, ज्यांना फक्त घरच्यांना घेऊन नीट जायचं-यायचंय, त्यांनाही आता हायब्रिड काय, प्लॅटफॉर्म काय, एडास काय हे सगळं समजून घेणं भाग आहे. आणि हे एकाच गाडीचं नाहीये, कुठलीही कंपनी फॅमिली क्रॉसओव्हर नव्याने डिझाइन करून आणते तेव्हा माहितीपत्रकात फीचर्सची लांबलचक यादी असते, सगळी फीचर्स एकाच मापाच्या अक्षरात, त्यातलं जीव वाचवणारं कुठलं आणि नुसतं दिसायला छान कुठलं ते आपणच शोधायचं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. फॅमिली गाडी कशी आहे ते दुसऱ्या रांगेत कळतं. मुलं तिथे बसतात, आजी-आजोबा तिथे बसतात, आणि गाडी निवडणारा माणूस मात्र स्टिअरिंगमागे बसून, समोरची स्क्रीन बघून निर्णय घेतो. म्हणून खाली जे काही सांगतोय ते वाचताना मागे बसलेल्यांना याचा काय उपयोग हा प्रश्न डोक्यात ठेवा.

क्रॉसओव्हर म्हणजे नक्की काय

जुन्या पद्धतीच्या एसयूव्हीत खाली लोखंडी चौकट असते, शिडीसारखी, आणि तिच्यावर बॉडी बोल्टने बसवलेली असते. अवजड ट्रेलर ओढायला, खडकाळ रस्त्यावर चालवायला ती उत्तम. साध्या कारमध्ये अशी वेगळी चौकट नसते, बॉडी हाच सांगाडा, त्याला मोनोकॉक म्हणतात. क्रॉसओव्हर म्हणजे कारसारखा मोनोकॉक, पण उंची आणि बसण्याची ठेवण एसयूव्हीसारखी. १९९४ मध्ये पहिली रॅव्ह४ आली, १९९५ ला होंडाची सीआर-व्ही, १९९७ ला सुबारूची फॉरेस्टर, आणि या तीन गाड्यांनी हा प्रकार घराघरात नेला.

लोकांना ही गाडी का आवडते याची कारणं रुबाब, रस्त्यावरचा दबदबा वगैरे सांगतात, पण खरं कारण मला फार साधं वाटतं. सीटची उंची आपल्या कमरेच्या उंचीला येते. बुटक्या कारमध्ये बसताना गुडघे मोडून आत शिरावं लागतं, उंच एसयूव्हीत चढावं लागतं, इथे नुसतं सरकून बसता येतं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला यातला फरक विचारा. लहान मुलाला चाइल्ड सीटमध्ये बसवून पट्टा लावताना कमरेत वाकावं लागत नाही हेही त्यातलंच.

आता हरकत अशी येते की उंच गाडी वळणावर उलटते. उंचीमुळे गुरुत्वमध्य वर जातो हे खरंच आहे, आणि एकेकाळी हा मोठा प्रश्न होता. पण १९९५ मध्ये बॉश आणि मर्सिडीजने ईएससी आणलं, म्हणजे गाडी घसरायला लागली की कॉम्प्युटर एकेका चाकाला वेगवेगळा ब्रेक लावून तिला सरळ करतो, आणि त्यानंतर उलटण्याचे अपघात खूप कमी झाले. अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून आणि युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून ते नव्या गाड्यांना सक्तीचं आहे. तुमच्या इथे सक्ती असो नसो, खालच्या व्हेरियंटमध्ये ईएससी नसेल तर तो व्हेरियंट बघूच नका, यात मी काही सवलत देणार नाही.

ऑल-न्यू म्हटलं म्हणजे सगळं नवीन का

नाही, आणि यात फसवाफसवीच असते असंही नाही. एक मॉडेल साधारण पाच-सात वर्षं चालतं, मधे एकदा फेसलिफ्ट होतं, म्हणजे बंपर, दिवे, जाळी, आतली स्क्रीन बदलते. पूर्ण रीडिझाइन म्हणजे नवी पिढी. ओळखायची सोपी युक्ती सांगतो, दरवाजे बघा. दरवाजांचा आणि छताचा पत्रा दाबून घडवायचे साचे फार महाग असतात म्हणून फेसलिफ्टमध्ये त्यांना सहसा हात लावत नाहीत. जुन्या-नव्या गाडीचे बाजूने काढलेले फोटो शेजारी ठेवले, दरवाजे आणि खिडक्यांची रेघ तीच दिसली, तर चेहरा बदललाय, गाडी तीच आहे.

नव्या पिढीतही खालचा प्लॅटफॉर्म जुना असू शकतो. प्लॅटफॉर्म म्हणजे गाडीचा तळ, सस्पेन्शन जोडायच्या जागा, इंजिन बसायची जागा, धडकेचा जोर ज्या मार्गाने सांगाड्यात पसरतो ते भाग, हे सगळं मिळून. फोक्सवॅगनने २०१२ मध्ये एमक्यूबी नावाचा प्लॅटफॉर्म आणला, त्यात पेडल ते पुढच्या चाकाचा मध्य हे अंतर पक्कं ठरवून टाकलं आणि बाकी लांबी-रुंदी गाडीप्रमाणे बदलती ठेवली. टोयोटाने २०१५ च्या प्रियस या आपल्या हायब्रिड गाडीपासून टीएनजीए नावाचा प्लॅटफॉर्म सुरू केला. आणि गंमत बघा, सहाव्या पिढीची रॅव्ह४ सुद्धा आधीच्याच टीएनजीए-के प्लॅटफॉर्मवर, तो सुधारून, बनवलीये, पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतरही तेच, २,६९० मिलीमीटर.

यात वाईट काही नाही. उलट चांगला प्लॅटफॉर्म असेल तर दुसऱ्यांदा वापरताना त्यातल्या खोडी निघून गेलेल्या असतात. अगदी कोरा प्लॅटफॉर्म, कोरं सॉफ्टवेअर, कोरा गिअरबॉक्स असं सगळं एकदम आलं तर मात्र मी पहिल्या लॉटमध्ये घाई करणार नाही, वर्षभर थांबलं की रिकॉल (दोष काढायला कंपनीने गाड्या परत बोलावणं) आणि तक्रारी कळतात.

हायब्रिडचे तीन प्रकार, आणि एकच शब्द सगळ्यांना

इथे सगळ्यात जास्त गोंधळ आहे.

माइल्ड हायब्रिडमध्ये छोटी मोटर असते, बहुतेकदा ४८ व्होल्टची, ती इंजिनाला टेकू देते, सिग्नलला बंद पडलेलं इंजिन गुळगुळीत सुरू करते, थोडंफार इंधन वाचतं. एकट्या मोटरवर गाडी चालेल अशी ताकद तिच्यात सहसा नसते. फुल हायब्रिडमध्ये मोटर आणि बॅटरी मोठी, कमी वेगात गाडी काही वेळ नुसत्या विजेवर चालते, चार्जिंगची वायर लावायची गरज नाही. प्लग-इनमध्ये बॅटरी आणखी मोठी, ती बाहेरून चार्ज करायची, रोजचं जाणं-येणं विजेवर आणि लांब जायचं तर पेट्रोल आहेच.

इंधन वाचतं कुठून? साधी गाडी ब्रेक लावते तेव्हा वेगातली सगळी ऊर्जा ब्रेकच्या चकत्या तापवण्यात जाते, ती गेली ती गेली. हायब्रिडमध्ये ब्रेक लावताना मोटर उलटं काम करते, जनरेटर होते आणि त्यातली बरीच ऊर्जा बॅटरीत परत भरते. दुसरं म्हणजे इंजिनाला जे काम जमत नाही, गाडी जागेवरून हलवणं, रांगत रांगत पुढे सरकणं, ते मोटर करते, आणि इंजिन जिथे कमी पितं त्या टप्प्यात चालवलं जातं. म्हणूनच हायब्रिडचा मोठा फायदा शहरात दिसतो, मोकळ्या हायवेवर एकसारख्या वेगात ब्रेकच लागत नाहीत तर परत मिळवायचं काय, तिथे फरक कमी होतो. ज्यांचं बहुतेक ड्रायव्हिंग हायवेवर आहे त्यांनी हा हिशोब आधी करावा.

बॅटरी गेली तर काय, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि विचारायलाच हवा. पहिली प्रियस १९९७ ची, म्हणजे हे तंत्र आता पाव शतकाहून जुनं आहे. फुल हायब्रिडची बॅटरी कधी पूर्ण भरत नाही आणि कधी पूर्ण रिकामी होत नाही, कॉम्प्युटर तिला मधल्याच पट्ट्यात ठेवतो, म्हणून ती मोबाइलच्या बॅटरीसारखी लवकर थकत नाही. वॉरंटी किती वर्षांची ते बघा. आणि बॅटरी थंड ठेवणाऱ्या पंख्याची हवा आत घ्यायची जाळी बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटच्या बाजूलाच असते, तिच्यावर चादरी-पिशव्या ठेवू नका, हे कुणी सांगत नाही म्हणून सांगतोय.

प्लग-इनबद्दल माझं मत जरा कडक आहे. जिथे गाडी उभी करता तिथे चार्जिंगची सोय असेल आणि रोज रात्री वायर लावायची तयारी असेल तरच घ्या. चार्ज न करता चालवली तर तुम्ही एक जड बॅटरी नुसती वाहून नेताय. आणि घ्यायच्या आधी डिकीचा तळ उचलून बघा, बॅटरीसाठी स्टेपनी गेली असेल, डिकी उथळ झाली असेल, कधी पेट्रोलची टाकी पण लहान केलेली असते.

चारही चाकांना ताकद हवीच का

थोडक्यात उरकतो कारण यावर जितकी चर्चा होते तितकी गरज बहुतेकांना नसते. बहुतेक क्रॉसओव्हरमध्ये ऑल-व्हील-ड्राइव्ह म्हणजे एरवी पुढची चाकं गाडी ओढतात आणि ती घसरायला लागली की क्लच जुळून मागच्या चाकांना ताकद जाते. बऱ्याच हायब्रिडमध्ये तर मागे वेगळी मोटरच असते, पुढून मागे जाणारा शाफ्टच नाही. चिखलात, बर्फात, ओल्या चढावर गाडी हलवायला याचा खरा उपयोग. पण थांबायला आणि वळायला काहीच उपयोग नाही! ब्रेक चारही चाकांना प्रत्येक गाडीत असतातच, आणि रस्त्याला धरून ठेवतं ते टायर. गुळगुळीत टायरवरच्या ऑल-व्हील-ड्राइव्हपेक्षा चांगल्या टायरवरची साधी गाडी मला केव्हाही चालेल.

टायरवरून आठवलं, टॉप मॉडेलला मोठी रिम देतात, दिसते सुंदर, पण रिम मोठी झाली की रबराची उंची कमी होते, खड्डा थेट सीटपर्यंत येतो, टायर महाग मिळतो आणि मायलेजही थोडं घटतं. एक साइज लहान रिम मिळत असेल तर मागच्या सीटवरचे लोक तुम्हाला दुवा देतील.

आता मूळ मुद्दा, दुसरी रांग

डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या आयआयएचएस या संस्थेने, जी विमा कंपन्यांच्या पैशावर चालते आणि गाड्या आपटून बघते, आपली एक जुनी समोरासमोरच्या धडकेची चाचणी बदलली. पूर्वी फक्त ड्रायव्हरच्या जागी डमी, म्हणजे माणसाऐवजी बसवलेली बाहुली, असायची. आता त्यांनी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवरही डमी बसवली, एका लहानखुऱ्या बाईच्या किंवा १२ वर्षांच्या मुलाच्या आकाराची, आणि ६४ किलोमीटरच्या वेगाने गाडी धडकवली. पहिल्याच फेरीत १५ छोट्या एसयूव्ही होत्या, म्हणजे आपण बोलतोय त्याच प्रकारच्या. त्यातल्या दोनच गाड्यांना सगळ्यात वरचा शेरा मिळाला, फोर्ड एस्केप आणि वोल्वो एक्ससी४०. रॅव्ह४ त्याखालच्या पायरीवर. ९ गाड्यांना सगळ्यात खालचा शेरा. यातल्या कितीतरी गाड्यांना आधीच्या चाचण्यांमध्ये उत्तम गुण होते, बघा म्हणजे!

असं का झालं? कारण पट्ट्यांमध्ये आहे. पुढच्या सीटबेल्टमध्ये बऱ्याच वर्षांपासून दोन गोष्टी येतात. प्रीटेन्शनर, म्हणजे धडक जाणवताच क्षणार्धात पट्टा आवळून माणसाला सीटला टेकवणारी यंत्रणा. आणि लोड लिमिटर, जी पट्ट्याचा छातीवरचा जोर एका मर्यादेपलीकडे गेला की पट्टा थोडा सोडते. जोरात आलेला चेंडू झेलताना आपण हात थोडे मागे नेतो ना, ताठ ठेवले तर हात झिणझिणतात, लोड लिमिटर नेमकं तेच छातीसाठी करतो. हे दोन्ही पुढे आले, पुढे एअरबॅग आल्या, पुढचा सांगाडा मजबूत झाला, आणि मागच्या रांगेत मात्र खूप गाड्यांमध्ये साधा पट्टाच राहिला. साध्या पट्ट्यात माणूस खाली घसरतो, कमरेवरचा पट्टा ओटीपोटावर चढतो आणि आतल्या अवयवांना इजा होते.

यावरून कुणी मुलांना पुढे बसवायला लागू नका, कृपा करून. मागची सीट पूर्वीपेक्षा धोकादायक झालेली नाही, पुढची खूप सुधारली आणि मागची तिथेच राहिली इतकंच. १३ वर्षांखालच्या मुलांसाठी मागचीच सीट सुरक्षित, हे ती संस्थाही सांगते.

मग शोरूममध्ये एक प्रश्न नक्की विचारा: मागच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांना प्रीटेन्शनर आणि लोड लिमिटर आहेत का, आणि कुठल्या व्हेरियंटपासून? सेल्समनला माहीत नसेल तर त्याला तांत्रिक माहितीचा कागद मागा, त्यात असतं. माझ्या दृष्टीने नव्या रीडिझाइनमधली ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे आणि ती जाहिरातीत कधीच दिसत नाही, कारण पट्टा फोटोत जुन्यासारखाच दिसतो.

त्यानंतर चाइल्ड सीट. आयसोफिक्स म्हणजे गाडीच्या सांगाड्याला जोडलेले दोन लोखंडी आकडे, सीटच्या पाठीच्या आणि बसायच्या गादीच्या फटीत, त्यात चाइल्ड सीट कट्ट करून अडकते. १९९९ मध्ये त्याचं आंतरराष्ट्रीय मानक ठरलं. आकड्यांच्या जोडीला टॉप टेदर नावाचा तिसरा अडकवायचा बिंदू असतो, पाठीमागे, तो वापरला नाही तर पुढे तोंड केलेली सीट धडकेत पुढे कलंडते. आणि तान्ह्या बाळाची सीट मागे तोंड करूनच, युरोपच्या आय-साइज नियमात १५ महिन्यांपर्यंत ते बंधनकारक आहे, त्यापुढेही जितकं जमेल तितकं. बाळाचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं, मान कोवळी, मागे तोंड असेल तर धडकेचा जोर सगळ्या पाठीवर पसरतो. मागे तोंड केलेली सीट मोठी असते, ती लावली की पुढची सीट किती पुढे घ्यावी लागते ते स्वतःच्या चाइल्ड सीटने तपासा. तीन मुलं असतील तर तीन सीट शेजारी शेजारी बसतील असं गृहीत धरू नका, बहुतेक गाड्यांत बसत नाहीत.

बाकी काही गोष्टी ज्या नुसतं बसून कळतात. तळाला बॅटरी असलेल्या गाडीत पाय ठेवायची जागा कधी कधी उंच होते, मग मोठ्या माणसाच्या मांड्या हवेत राहतात, लांबच्या प्रवासात पाय भरून येतात. मधल्या माणसाला डोक्याचा आधार आणि खांद्यावरून येणारा पट्टा आहे का ते बघा. आणि खिडकीची रेघ! नव्या डिझाइनमध्ये ती मागे जाताना वर चढते, बाहेरून गाडी धावतेय असं वाटतं, पण आतल्या लहान मुलाला दरवाजाच दिसतो, रस्ता दिसत नाही. ज्याला बाहेरचं दिसत नाही त्या मुलाला गाडी लवकर लागते. मुलाला घेऊन जा आणि त्यालाच विचारा तुला काय दिसतंय.

डिकीचे लिटर

दोन गाड्यांच्या डिकीचे आकडे शेजारी ठेवून भांडण करू नका, आधी मोजलंय कसं ते बघा. युरोपात जी व्हीडीए पद्धत चालते तिच्यात २०० बाय १०० बाय ५० मिलीमीटरचे ठोकळे, म्हणजे बरोबर एक लिटरचा एक, डिकीत रचत जायचे आणि किती मावले ते मोजायचं, त्यामुळे ज्या सांदीकोपऱ्यात काहीच ठेवता येत नाही ती जागा मोजली जात नाही. दुसऱ्या पद्धतींमध्ये मोकळी जागा जास्त धरली जाते. शिवाय कुणी खिडकीच्या रेघेपर्यंत मोजतं, कुणी छतापर्यंत. त्यापेक्षा घरची सगळ्यात मोठी बॅग किंवा स्ट्रोलर नेऊन ठेवून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

एडास: गाडी मदत करते, गाडी चालवत नाही

एडास म्हणजे कॅमेरा आणि रडार वापरून ड्रायव्हरला मदत करणाऱ्या यंत्रणा. एसएई या संस्थेने स्वयंचलित गाड्यांच्या ० ते ५ अशा पायऱ्या ठरवल्यात. माहितीपत्रकातला "लेव्हल २" म्हणजे गाडी एकाच वेळी वेगही सांभाळते आणि लेनमध्येही ठेवते, पण नजर रस्त्यावर ठेवायची जबाबदारी पूर्णपणे तुमची. हात सोडायचे नाहीत, मोबाइल बघायचा नाही. याला कुणी अर्धी ड्रायव्हरलेस गाडी म्हणत असेल तर चूक आहे.

या सगळ्यात जी एक गोष्ट मी आग्रहाने घ्यायला सांगीन ती म्हणजे आपोआप लागणारा ब्रेक, एईबी. समोर गाडी किंवा माणूस आला आणि तुम्ही काहीच केलं नाही तर आधी इशारा देतो आणि मग स्वतः ब्रेक लावतो. धडक टळली नाही तरी वेग कमी होतो आणि वेग थोडा कमी झाला तरी फरक मोठा पडतो, कारण धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, ५० च्या जागी ७० चा वेग असेल तर ऊर्जा जवळपास दुप्पट. युरोपात जुलै २०२२ पासून नव्याने मंजूर होणाऱ्या मॉडेलला आणि जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या सगळ्या नव्या कारना एईबी सक्तीचा आहे. अमेरिकेने २०२४ मध्ये केलेल्या नियमात कंपन्यांना सप्टेंबर २०२९ ची मुदत दिली.

"पण ते सारखं बीप-बीप करतं, डोकं उठतं." बरोबर आहे, काही गाड्यांची ट्यूनिंग खरंच वाईट असते, लेनची रेघ पुसट असली की उगाच स्टिअरिंग खेचतात. म्हणून टेस्ट ड्राइव्ह घेताना हे सगळं चालू ठेवून, गर्दीच्या रस्त्यावरून घ्या, कारण त्रास झाला तर तुम्ही ते कायमचं बंद करणार आणि बंद केलेल्या फीचरचा उपयोग शून्य. लेन असिस्ट बंद केलात तरी चालेल एकवेळ, एईबी चालूच ठेवा. आणि पुढची काच बदलली तर काचेमागचा कॅमेरा पुन्हा कॅलिब्रेट करून घ्यावा लागतो, तो खर्च आणि तो वेळ धरून चाला, नुसती काच बसवून गाडी घेऊन येऊ नका.

मागच्या सीटवर मूल राहिलंय अशी आठवण करून देणारं फीचरही आता येतं, चांगलं आहे. पण बऱ्याच गाड्यांमध्ये ते फक्त निघायच्या आधी मागचा दरवाजा उघडला होता का एवढंच लक्षात ठेवतं, मूल दिसत वगैरे नाही त्याला. रडार लावून खरोखर हालचाल ओळखणाऱ्या गाड्या वेगळ्या. तुमच्या गाडीत कुठलं आहे ते विचारून घ्या, चुकीचा भरवसा इथे फार महागात पडेल.

मोठी स्क्रीन

स्वीडनच्या वी बिलेगारे या मासिकाने २०२२ मध्ये एक साधी चाचणी केली. ११ नव्या गाड्या आणि २००५ सालची एक जुनी वोल्वो व्ही७०. ताशी ११० च्या वेगाने चालवताना हीटर, रेडिओ अशी चार ठरलेली कामं करायची, आणि गाडी समजून घ्यायला ड्रायव्हरना आधी वेळही दिला होता. बटणं असलेल्या जुन्या वोल्वोत सगळं १० सेकंदांत झालं, तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. सगळ्यात मागे पडलेल्या टचस्क्रीनवाल्या गाडीला जवळपास ४५ सेकंद लागले.

युरोपात गाड्या आपटून सुरक्षेचे स्टार देणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेनेही आता हे मनावर घेतलंय, २०२६ पासून इंडिकेटर, हॅझार्ड, हॉर्न, वायपर आणि एसओएस (आणीबाणीत मदत बोलवायचा कॉल) यांना हाताने चालवायचं बटण किंवा दांडी नसेल तर पूर्ण ५ स्टार मिळणं अवघड. मी यात आणखी एक घालीन, एसी आणि काचेवरची वाफ घालवायचं बटण. पावसात समोरची काच अचानक धूसर झाल्यावर मेन्यूत शोधाशोध करायला वेळ नसतो.

सॉफ्टवेअर अपडेट गाडीला घरबसल्या मिळतं ही मात्र खरोखर चांगली सोय, त्यातून चुका दुरुस्त होतात. फक्त कुठली फीचर्स काही वर्षांनी पैसे भरून चालू ठेवावी लागतील ते लेखी मागा.

५ स्टार आहेत ना, मग झालं की

स्टार कुठल्या वर्षीचे? युरो एनकॅप १९९७ पासून चाचण्या करतंय आणि दर काही वर्षांनी त्या कडक करत नेतं. २०२० पासून समोरच्या धडकेत पुढून चालत येणारा अडथळाही असतो, गाडी आणि तो दोघंही ५० च्या वेगाने. म्हणून २०१६ चे ५ आणि २०२५ चे ५ एकसारखे नाहीत, आणि सहा वर्षांनी जुनं रेटिंग ते स्वतःच कालबाह्य धरतात. २०२५ पर्यंतच्या रेटिंगच्या पानावर तारांकित चित्राच्या खाली मुलांच्या सुरक्षेचा आकडा वेगळा दिलेला असतो, टक्क्यांत. मी तर आधी तोच बघतो. चाचणी झालेल्या गाडीत जी सुरक्षा साधनं होती ती तुम्ही घेताय त्या व्हेरियंटमध्ये, तुमच्या देशात, आहेत का हेही जुळवून घ्या, नाव एकच असलं तरी माल एकच असेल असं नाही.

मग जुनी पिढीच सवलतीत घेतली तर?

नवी आली की जुन्या पिढीच्या उरलेल्या गाड्या चांगल्या सवलतीत मिळतात, आणि हा मोह मला अजिबात चुकीचा वाटत नाही. मॉडेलच्या शेवटच्या वर्षातली गाडी बरीच मुरलेली असते, दोष निघालेले असतात, मेकॅनिकला हात बसलेला असतो. विकताना तिची किंमत थोडी कमी येईल, पण गाडी आठ-दहा वर्षं ठेवणाऱ्याला तो फरक फारसा जाणवत नाही. स्क्रीन लहान असेल, डॅशबोर्ड जुना दिसेल, त्याने काही बिघडत नाही. मी फक्त चार गोष्टी तपासीन: ईएससी, माणसं ओळखणारा एईबी, मागच्या पट्ट्यांना प्रीटेन्शनर, आणि आयसोफिक्सबरोबर टॉप टेदर. चारही असतील तर बिनधास्त जुनी घ्या आणि वाचलेल्या पैशातून चांगली चाइल्ड सीट आणि चांगले टायर घ्या. यातला मागचा पट्टा किंवा एईबी फक्त नव्या पिढीत आला असेल आणि मागे रोज मुलं बसणार असतील, तर सवलत कितीही मोठी असू दे, मी नवीच घ्यायला सांगीन, तिचं सगळ्यात खालचं व्हेरियंट घ्यावं लागलं तरी, फक्त त्या व्हेरियंटच्या यादीत ही चारही नावं छापलेली आहेत हे बुकिंगआधी स्वतःच्या डोळ्यांनी बघून घ्या.